सहावी रेघ

सर, तुमची वही आता माझ्याकडे आहे. लांबट, काळ्या पुठ्ठ्याची, मॅचच्या वेळी तुम्ही मांडीवर ठेवायचा ती. गेल्या महिन्यात तुमच्या लेकीने मला घरी बोलावलं आणि एक खोका समोर ठेवला. 'बाबांचं क्लबचं जे काही होतं ते ह्यात आहे, दादा. तुम्ही इतिहास लिहिताय म्हणून देते, नाहीतर आम्ही ते माळ्यावरून कधी काढलंही नसतं,' असं म्हणाली. खोक्यात शिट्ट्या होत्या, जुनी प्रमाणपत्रं होती, गुडघ्याला बांधायचा एक पट्टा होता आणि तळाशी वही. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, पण वही हातात घेतली तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. तुमच्यासमोर पाय पसरून बसायची माझी हिंमत अजून होत नाही, मग तुम्ही असा वा नसा.

इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, ह्याला कधीपासून लिहिता यायला लागलं. आपला क्लब एका कंपनीने घेतला, सर. म्हणजे नाव घेतलं, बाकी घेण्यासारखं होतं काय? सिमेंटचं एक मैदान, वाकलेल्या दोन रिंगा आणि पावसाळ्यात शेवाळ. आता त्या नावाचा व्यावसायिक संघ झालाय, बास्केटबॉलच्या लीगमध्ये खेळतो. छताखालचं लाकडी कोर्ट आहे, परदेशी प्रशिक्षक आहे, खेळाडूंचा आहार ठरवायला वेगळी बाई आहे. तुम्ही आम्हाला भिजवलेले हरभरे आणि गूळ द्यायचा, आणि कोणी दुसऱ्यांदा मूठ पुढे केली की म्हणायचा, 'एवढे हरभरे घोड्याला शोभतात.' नव्या संघाची स्मरणिका निघणार आहे. तिचं काम बघणारी एक तरतरीत मुलगी आहे, माझ्या पुतणीच्या वयाची. ती मला शोधत घरी आली. आपण जो एकमेव मोठा चषक जिंकला त्या संघाचा कॅप्टन नाशकातच राहतो, बँकेतून निवृत्त होऊन रिकामा बसलाय, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी हुरळून गेलो, हो म्हणालो. तिचा पहिलाच प्रश्न होता, 'काका, चषक जिंकला त्याच वर्षी सरांनी क्लब का सोडला? सगळ्या कागदांत नुसतं प्रकृतीच्या कारणास्तव लिहिलंय. तेच ठेवू ना?' मी म्हणालो, ठेव.

तुमची प्रकृती ठणठणीत होती. त्यानंतर चौदा वर्षं तुम्ही रोज पहाटे गंगापूर रोडने चालायला जात होता.

तिला मी क्लबच्या रीतीभाती सांगितल्या, त्यात 'किती?' सांगितलं. ती फार खूश झाली. इतर संघांत फाउल मोजायचं काम टेबलावर बसलेली माणसं करतात, पाच झाले की खेळाडू बाहेर. तुमच्याकडे आपले फाउल आपण मोजायचे. सराव असो की मॅच, तुम्ही मध्येच कोणाकडे तरी बघून ओरडायचा, 'किती?' आणि त्याने धावता धावता खरा आकडा सांगायचा. एकदा मी तीनच्या जागी दोन म्हणालो. मुद्दाम नव्हे, खरंच विसरलो होतो. तुम्ही मला बाहेर बोलावलंत आणि सगळी मॅच बाकावर बसवलंत. वर म्हणालात, 'ज्याला स्वतःची चूक मोजता येत नाही, त्याला दुसऱ्याचे पॉइंट मोजायचा हक्क नाही. बस आता.' माझे डोळे भरले होते, आणि ते तुम्हाला दिसू नयेत म्हणून मी बुटाची नाडी बांधत बसलो. घरी जाताना तुम्ही सायकल माझ्यासोबत हातात धरून चाललात आणि सगळा रस्ता काकूंच्या संधिवाताबद्दल बोलत राहिलात. तो विषय काढायचं तुम्हाला काहीच कारण नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही बोलताय हे मला फार उशिरा कळलं.

आता जर्सीवरच्या आकड्यांकडे येतो. तुम्ही मराठी शाळेत गणित शिकवायचा आणि आमच्या जर्सीवर मराठी आकडेच हवेत हा तुमचा हट्ट होता. त्या काळी नंबर चारपासून पंधरापर्यंतच असायचे. काकू स्वयंपाकघरात शिलाई मशीन मांडून पांढऱ्या कापडातून आकडे कापायच्या, एका बाजूला डाळ शिजत असायची आणि आम्ही दारात उभे. तुम्ही आम्हाला नावाने कधी हाक मारली नाही, नंबरानेच मारली. मी आठ. आणि मखमलाबादच्या पुढच्या मळ्यातून सायकलने यायचा तो चार. त्याच्या घरी फुलांची शेती, कॅरिअरला कायम पाटी बांधलेली, अंगाला शेवंतीचा वास. पहाटे बाजारात फुलं टाकून तो सरावाला यायचा आणि आम्ही डोळे चोळत असताना ह्याच्या दोन फेऱ्या झालेल्या असायच्या. उडी अशी मारायचा की खाली यायचं विसरलाय की काय असं वाटावं. माझ्यापेक्षा तो चांगला खेळायचा, सर. हे मी आजवर कुठे बोललो नाही.

अंतिम सामन्याला बाहेरच्या राज्यातले पंच आणि गुणलेखक होते. त्यांना मराठी आकडे येत नव्हते. सामन्याआधी त्यांनी माझ्या पाठीवरचं ८ बघून विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, एट. चारच्या पाठीवरचं ४ बघून त्यांनी काही विचारलंच नाही, कारण ते त्यांना वाचता आलं. इंग्रजी आठ आणि आपला चार, दोन्ही सारखेच दिसतात. म्हणजे त्यांच्या लेखी आमच्या संघात आठ नंबरचे दोघे झाले आणि दोघांचेही फाउल एकाच ओळीत पडत गेले. हे आमच्यापैकी कोणाच्या गावीही नव्हतं.

प्रेक्षकांत मुंबईहून आलेले दोघं बसले होते, बँकेच्या संघासाठी खेळाडू घ्यायला आलेले. घेतला तर नोकरी पक्की. ते मुख्यतः चारला बघायला आले होते, हे तुम्हीच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. कॅप्टन म्हणून विश्वासाने सांगितलं होतं. मी 'वा, छान' म्हणालो आणि घरी जाऊन जेवलो नाही.

उत्तरार्धात सात-आठ मिनिटं उरली असताना चारकडून फाउल झाला. त्याचा त्या सामन्यातला पहिलाच. टेबलावरून पाचाची पाटी वर झाली आणि पंचांनी त्याला बाहेर जायची खूण केली. तो हसला, त्याला वाटलं चेष्टा आहे. तुम्ही वही हातात धरून टेबलाकडे धावलात. त्यांनी शीट दाखवलं, आठच्या ओळीत पाच फाउल. क्षणभरात तुमच्या लक्षात आलं की आठ दोन झालेत. मोठा पंच बरा माणूस होता. तो म्हणाला, एक ह्याचा असेल तर आधीचे चार कोणाचे ते सांगा, मी शीट दुरुस्त करतो. तुम्ही आम्हाला दोघांना जवळ बोलावलंत. चारकडे बघून विचारलंत, 'किती?' तो म्हणाला, 'एक, सर.' मग माझ्याकडे बघितलंत. 'किती?'

माझे चार होते. मला पक्कं ठाऊक होतं, एकेक आठवत होता. 'चार' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर दोघंही खेळत राहिलो असतो. फक्त मला एका फाउलच्या अंतरावर, जपून, हात मागे घेऊन खेळावं लागलं असतं, आणि मुंबईच्या माणसांसमोर तो उड्या मारत राहिला असता. मी म्हणालो, 'एकही नाही, सर.'

तो माझ्याकडे बघत राहिला. चिडून नव्हे, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं वाटून. पंच तुम्हाला म्हणाला, कोच, दोघांचं जुळत नाही, तुम्ही सांगा. तुम्ही वही मिटलीत, खिशात घातलीत आणि म्हणालात, 'शीटप्रमाणे करा.' चार बाहेर गेला. बाकावर बसलासुद्धा नाही, टॉवेल घेऊन सरळ फाटकाबाहेर गेला आणि त्याची सायकल गेल्याचा आवाज मला एवढ्या कल्लोळात ऐकू आला. आला असणार नाही, पण मला तो आला.

त्या सात मिनिटांत मी आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ केला. मोकळा सुटलो होतो. अंगावर जाऊन खेळलो, आणखी दोन फाउल केले. टेबलाच्या हिशेबी ते माझे पहिले दोन. आपण जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, मुंबईच्या माणसांनी हात मिळवले आणि महिन्याभरात बँकेचं पत्र आलं. तुम्ही फोटोला थांबला नाहीत. मी समजलो, तुम्ही आकड्यांच्या घोळामुळे नाराज आहात.

पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन घरी आलो तेव्हा काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सगळ्या जर्सींचे आकडे उसवत होत्या. ब्लेडने एकेक टाका तोडत होत्या. 'ह्यांचं काय बिनसलंय कोण जाणे,' त्या म्हणाल्या. 'म्हणतात इंग्रजी आकडे लाव. जन्मभर ज्याच्यासाठी भांडले ते एका दिवसात सोडून दिलं. विचारलं तर म्हणतात, चूक माझ्या आकड्यांची होती.' तुम्ही आतल्या खोलीत होता. बाहेर येऊन पेढा घेतलात, अर्धा खाल्लात, आणि नोकरीला जाणार म्हणून तुमचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलंत. 'वेळेवर जात जा,' एवढंच म्हणालात. मी वाकून नमस्कार केला. दोन महिन्यांनी तुम्ही क्लब सोडल्याचं कळलं. चार परत कधी मैदानावर आलाच नाही.

मी तुम्हाला फसवलं असं मी छत्तीस वर्षं समजत होतो. चांगलंच फसवलं, आणि बिचाऱ्या सरांनी सगळा दोष आपल्या आकड्यांवर घेतला असं समजत होतो. त्याचा त्रास व्हायचा, पण सहन होण्यासारखा. त्रास म्हणजे काय, तर तुम्ही भेटायचा. भाजीवाली मेथीची जुडी हातात धरून विचारते, 'किती?' आणि माझा हात पिशवीतच राहतो. डॉक्टर विचारतात, गोळ्या किती घेता? बँकेत काउंटरवर होतो तेव्हा दिवसातून शंभर वेळा हा शब्द कानावर पडायचा, आणि दर वेळी नाही, पण कधीतरी अचानक तो तुमच्या आवाजात यायचा. मी मान वर करायचो, तर समोर पासबुक घेऊन उभी असलेली एखादी म्हातारी. नव्या स्टेडियममध्ये त्या मुलीने मला कोर्ट दाखवायला नेलं तेव्हा टेबलाशेजारच्या पहिल्या, कोचच्या खुर्चीकडे मला बघवलं नाही. खुर्ची रिकामी होती. रिकामी होती म्हणूनच बघवलं नाही.

आणि मग तुमची वही उघडली. मॅच मागून मॅच, एकाखाली एक नंबर आणि नंबरांपुढे उभ्या रेघा. म्हणजे आम्हाला 'किती?' विचारताना उत्तर तुमच्या मांडीवर असायचं. त्या सामन्याचं पान सापडायला वेळ लागला नाही. ४ पुढे एक रेघ. ८ पुढे चार रेघा, मग थोडी मोकळी जागा, मग पाचवी. मग सहावी. शीटवर प्रत्येकापुढे पाचच चौकोन असतात, सर. सहावी रेघ मारायला ह्या खेळात जागाच नाही. तुम्ही ती वहीत मारलीत. मी सहा फाउल करून पळत होतो, आणि तुम्ही बाकावर बसून पेन्सिलीने ते मोजत होता आणि उठत नव्हता.

मला तुमचा राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला, लाज नंतर. तुम्हाला माहीत होतं! वही हातात होती, ती उघडून पंचापुढे धरायची होती. माझं थोबाड तिथेच फोडायचं होतं. मी चोवीस वर्षांचा, पोटाच्या मागे लागलेला पोरगा होतो, तुम्ही तर आमचे सर होता. तुम्हालाही तो चषक हवा होता का? का मी आणखी एकदा विचार करून 'सर, चुकलो, चार' म्हणेन अशी वाट बघत होता? पंधरा दिवस मी एक ओळ लिहिली नाही. पान उघडायचो, रेघा मोजायचो, मिटायचो. बायको म्हणाली, एवढं काय आहे त्या वहीत? मी म्हणालो, जुने स्कोअर.

तेवढ्यात त्या मुलीचा फोन आला. नवा संघ म्हणे पहिल्या सामन्याला मराठी आकड्यांची जर्सी घालणार आहे, त्याची आता फॅशन आहे. त्यासाठी जुन्या जर्सीतला आपल्या संघाचा एखादा फोटो हवा होता. चषकाच्या फोटोत आकडे दिसत नाहीत; पाठीवरचे आकडे दिसणारा फोटो एकच होता. चारच्या मळ्यात हुरड्याला गेलो होतो तेव्हा त्याच्या मामाने काढलेला. तो त्याच्याशिवाय कोणाकडे असणार? ती म्हणाली, 'काका, प्लीज आणाल ना?' गेल्या रविवारी मी स्कूटर काढली.

मखमलाबादच्या पुढे आता इमारती झाल्या आहेत, पण त्याचा मळा आहे. शेडनेटमध्ये गुलाब, बाहेर झेंडू. तो बांधावर बसून फुलांच्या जुड्या बांधत होता. केस सगळे पांढरे, खांदे तसेच. मला बघितल्यावर हातातली जुडी पूर्ण बांधली, सुतळी तोडली, मगच उठला.

'आलास का, कॅप्टन?' तो म्हणाला. 'सर म्हनले व्हते, येशील म्हनून. पन लय टाइम लावला तू.'

मला काही समजेना. मी विचारलं, 'सर? कधी म्हणाले?'

'त्या मॅचच्या दुसऱ्या दिशीच आले व्हते हितं, सायकलीवर. वही घेऊन. माझ्या बापासमोर मला वही दाखवली आन् म्हनले, तुझा एकच व्हता, मला म्हाईत व्हतं आन् मी गप बसलो, माझं चुकलं. हात जोडले, गड्या, त्यांनी. माझा बाप उभ्या उभ्या रडला. मी म्हनलं, सर, मंग सगळ्यांना सांगा. तर म्हनले, मी माझं सांगितलं. त्याचं त्यानं सांगायचं. तो येईल, त्याला बोलवू नको. आला की घरात घे.' त्याने सुतळीची गुंडी खिशात घातली. 'दोन-तीन वर्सं मी वाट पाह्यली. मंग राग आला. मंग तो बी गेला. पन सरांचा शब्द व्हता म्हनून कुनाला बोललो नाय.'

मी म्हणालो, 'माझे चार होते.'

'म्हाईत हाय मला,' तो म्हणाला. 'चल, चहा घेऊ.'

घरात नेलं, बायकोला हाक मारून सांगितलं, 'अगं, ते आले.' नाव सांगावं लागलं नाही. तिने पाणी दिलं, सुनेला बोलावून माझ्या पाया पडायला लावलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं होतं. चहा पिताना तो गुलाबाच्या रोगाबद्दल बोलत राहिला, नाताळाला दिल्लीकडे माल जातो म्हणाला. बँकेतल्या माझ्या दिवसांबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. निघताना म्हणाला, 'आजून काय काम व्हतं का?' मी म्हणालो, नाही.

परवा मी इतिहास पुरा केला. 'प्रकृतीच्या कारणास्तव' खोडलं. दोन आठ कसे झाले, तुम्ही काय विचारलंत, मी काय बोललो, तुमच्या वहीत किती रेघा आहेत, सगळं सरळ लिहिलं. आपला चषक आपला नव्हता हेही लिहिलं, आणि बँकेतली खुर्ची कोणाची होती तेही. त्या मुलीने वाचून फोन केला. म्हणाली, 'काका, हे खरंच छापायचं?' मी म्हणालो, छाप. बायकोने वाचलं, चष्मा पुसला आणि आत जाऊन कूकर लावला. रात्री जेवताना नेहमीसारखं वाढलं, फक्त माझ्याकडे बघितलं नाही.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, आणि तुमच्या लेकीलाही दाखवायचं नाही. पण इतिहासात शेवटी मी एक वाक्य लिहिलंय, त्यावर लोक मला बरं म्हणतील. मन खात होतं म्हणून मी होऊन त्याच्याकडे गेलो आणि कबूल केलं, असं ते वाक्य आहे. तो तसंच समजतो, तुम्हीही तसंच सांगून ठेवलं होतं. मी फोटो मागायला गेलो होतो, सर.